पूर्वेच्या टोकाचं थडगं

अकराव्या महिन्याच्या अखेरीला इंजिनियर शेन दोन माणसं आणि पाटीभर खुंट्या घेऊन पाइनच्या उतारावर चढला. खुंट्यांच्या डोक्याला लाल चिंध्या बांधलेल्या होत्या. जुनी धावपट्टी पूर्वेला जिथं संपत होती तिथून तो पावलं मोजत आला, आणि थांबला ते दुआन छांगशौच्या बायकोच्या थडग्यापाशी. पायथ्याशी त्यानं एक खुंटी ठोकली आणि पुढं निघून गेला.

संध्याकाळी छांगशौ शेळीला पाला आणायला वर गेला तेव्हा त्याला ती चिंधी दिसली. त्यानं खुंटी उपटली, घरी आणली आणि चुलीत घातली.

सकाळी मुखिया यिन दारात उभा. मागं शेन, कानटोपी घातलेला, नाक लाल झालेलं.

"म्हातारबा, सरकारी खुंटी तू काढलीस?"

"काढली. ओली निघाली. धूरच फार झाला."

"मस्करी करू नकोस. मोठी विमानं यायचीत. चार-चार इंजिनांची. पोटात अख्खी मोटार मावते म्हणतात. आत्ताची पट्टी त्यांना पुरायची नाही. सहाशे पावलं वाढवायचीय."

"गेल्या साली माझं भातखाचर घेतलंत तेव्हा पट्टी पुरी झाली म्हणालात."

"ती लहान विमानांची."

"तुमची विमानं वाढतात," छांगशौ म्हणाला, "माझी जमीन काही वाढत नाही."

आत चुलीपाशी त्याची सून मायस्वे कोंड्याची भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.  मग म्हातारा हळू आवाजात म्हणाला, "तीन वर्षं झाल्याशिवाय माती उघडत नाहीत, हे तुला मी सांगायला पाहिजे का, यिन? दीड वर्षच झालंय. आणि पोरानं, थिंगचूनं, अजून आईपुढं डोकं टेकलेलं नाही. तुम्हीच नेलात त्याला पलटणीत, गेल्या साली तिसऱ्या महिन्यात. पाचव्यात ती गेली. आई मेली हेसुद्धा त्याला ठाऊक नाही. तो येईल आणि विचारेल, आई कुठाय? मी काय बोट दाखवू? विमानाच्या चाकाखाली?"

"पत्र आहे का त्याचं?" मुखियानं विचारलं. ठाऊक असून विचारलं.

छांगशौ शेळीला पाला टाकायला वळला.

त्या उतारावर आणखी चार घरांची थडगी होती. चारही घरांनी सांगून टाकलं, छांगशौ उघडेल तेव्हा आम्ही उघडू. त्याचं थडगं सगळ्यांत ताजं, त्यामुळं सगळे त्याच्या आडोशाला जाऊन बसले. शेननं खोकत खोकत कागद चाळले. तो समुद्राकाठच्या प्रांतातला, आमची बोली त्याला निम्मीच कळायची. शेवटी तो म्हणाला, "काम जुन्या पट्टीच्या टोकाकडून सुरू करतो. बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या तारखेपर्यंत उताराला हात लावत नाही. त्यापुढं माझ्या हातात काही नाही, बाबा. मग शिपाई येतील."

घरटी दोन माणसं, असा हुकूम होता. तांदूळ आपला, हत्यारं आपली. दुआनांच्या घरात माणसंच दोन.

बारावा महिना लागला तसा वारा सुटला. आमच्या खोऱ्यात हिवाळ्याचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारनंतर उभ्या माणसाला वाकवतो. धूळ दातांत, भातात, डोळ्यांच्या कोपऱ्यांत. दहा-बारा गावची माणसं उतरली होती. पुरुष नदीतून गोटे काढून कावडीनं आणायचे. बायका ओळीनं बसून खडी फोडायच्या. गवताच्या दोरीचं कडं करून त्यात गोटा धरायचा, म्हणजे तो निसटत नाही, आणि हातोडी मारायची. खालच्या थराला मुठीएवढी खडी, मधल्याला अंड्याएवढी, वरच्याला वालाच्या दाण्याएवढी. रोज एक लाकडी पेटी भरून द्यायची.

मायस्वेच्या शेजारी लू काकू बसायची. पन्नाशीची, पुढचे दोन दात नसलेली, तोंड मात्र चालू. तिचा नवरा आणि दोन तान्ही पोरं त्याच उतारावर पुरलेली होती.

"हात बघू तुझे," ती म्हणायची. "अगं बाई! नवरा आला आणि त्याच्या गालावरून हात फिरवलास तर सोलून निघेल की तो."

मायस्वे हसायची. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, त्या रक्तानं कडक झालेल्या. चोवीस वर्षांची होती. लग्न होऊन चार महिनेच नवऱ्याजवळ राहिली, आणि मग पावणेदोन वर्षं सासऱ्याजवळ.

"आणि त्या यिनच्या मेहुण्यापासून जपून राहा," लू काकूनं आवाज उतरवला. "खेचरांचा व्यापारी. बायको मेली त्याची. परवा दारू पिऊन विचारत होता, दोन वर्षं पत्र नाही म्हणजे तिला बायको म्हणायचं की विधवा?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणाले, तुझी खेचरं सांभाळ. लाथ मारतात."

छांगशौ खडी दाबायच्या दगडी रुळावर होता. तो रूळ डोंगरातून कोरून काढलेला, माणसापेक्षा उंच. दोन दोरखंड, एकेकाला साठ-साठ माणसं. खांद्यावर गोणपाटाची घडी ठेवून दोर घ्यायचा आणि जमिनीकडं तोंड करून ओढायचं. मुकादम पुढं उलटा चालत ओरडायचा, सगळे त्याच्यामागं ओरडायचे. रूळ हलवायला जीव जायचा, पण एकदा चालू लागला की थांबवणं त्याहून अवघड. सहाव्या दिवशी वरच्या आळीतला ताओ ओल्या मातीवर घसरला. मागची माणसं ओरडली, पुढच्यांनी दोर सोडले, तरी रूळ त्याच्या पायावरून गेलाच. त्याला कावडीच्या बांबूवर झोळी करून नेलं. मुकादमानं त्या जागेवर दोन पाट्या खडी टाकायला लावली आणि दोर पुन्हा खांद्यावर घ्यायला सांगितले. छांगशौ त्या दिवशी घरी आला तो भाताचा वाडगा हातात धरून बसून राहिला. मायस्वेनं लोणच्याचं पान वर ठेवलं, मग दुसरं ठेवलं.

"खा, मामंजी."

"खातो," तो म्हणाला. "एकसष्ट वर्षांचा झालो, पण माणसाच्या हाडाचा असा आवाज येतो हे ठाऊक नव्हतं."

जुन्या पट्टीवर विमानं येतच होती. पेट्रोलची पिंपं उतरवून ती रिकामी परत जायची, आणि जाताना पलटणीतली माणसं भरून हिंदुस्थानात न्यायची. तिकडं त्यांना बंदुका आणि पोटभर जेवण मिळतं म्हणे. ही माणसं दोन-दोन दिवस पट्टीच्या कडेला वाट पाहत बसायची. गवताच्या वहाणा, काडीसारखे पाय, अंगावर खरूज. तुकडी आली की मायस्वे दुपारच्या सुट्टीत तिकडं जायची. पदरच्या फडक्यात मूठभर भाजलेले वाल असायचे. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती विचारत जायची, दुआन थिंगचूला ओळखता का कोणी? तीन तुकड्या अशा विचारून झाल्या होत्या. माणसं वाल घ्यायची आणि मान हलवायची. कोणीतरी म्हणायचं, "मीच थिंगचू, चल घरी," आणि बाकीचे हसायचे. ती ते सोसून पुढच्याला विचारायची.

चौथी तुकडी अठराव्या तारखेला आली. ओळीत अर्ध्यावर एक चपट्या नाकाचा, तापानं ओठ फुटलेला गडी होता. त्यानं नाव ऐकलं आणि वाल तोंडात टाकायचा थांबला.

"दुआन? डाव्या भुवईत खाच होती त्याच्या?"

"हो."

"झोपेत दात खायचा?"

मायस्वे खाली बसली. चार महिने ती त्या आवाजानं जागी होत होती.

"मी हौ. नदीखालच्या शांग्यू गावचा," तो म्हणाला. "तू बायको त्याची." मग त्यानं उरलेले वाल तिच्या फडक्यात परत ठेवले. "यंदा सातव्या महिन्यात, ताई. आम्ही उत्तरेकडून चालत होतो. रक्ताचे जुलाब लागले. सहा जणांना. एका पडक्या देवळात ठेवलं त्यांना."

"मग?"

"मग आम्हाला पुढं निघायचा हुकूम झाला."

"तुम्ही निघालात तेव्हा तो..."

हौ पट्टीकडं बघत राहिला. "बोलत होता. पाणी मागत होता. मी वाटी भरून जवळ ठेवली. माझ्याकडून तेवढंच झालं. आठ दिवसांनी मागची तुकडी त्याच देवळात उतरली. त्यांनी सहाही जणांना पुरलं. त्यातला एक नंतर आमच्यात आला, त्यानं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"वाटी भरलेलीच होती म्हणाला. हात पोचला नसेल."

तेवढ्यात शिट्टी झाली. तुकडी उठून उभी राहिली. हौला काहीतरी म्हणायचं होतं, पण ओळ चालू लागली आणि तोही चालू लागला. विमानाच्या दाराशी त्यानं एकदा मागं पाहिलं. मायस्वे बसल्या जागीच होती, मांडीवर वालांचं फडकं घेऊन.

ती खडीच्या ढिगाकडं गेली नाही. सरळ नव्या पट्टीवर गेली. रूळ निघायच्या बेतात होता. छांगशौ उजव्या दोरावर, मधोमध. त्याच्या शेजारची जागा ताओची होती, अजून मोकळीच होती. मायस्वेनं ओढणीची घडी खांद्यावर ठेवली आणि दोर उचलला.

"इथं काय करतेस?" म्हातारा म्हणाला. "बायकांचं काम नाही हे."

मुकादम ओरडला. दोर ताणले गेले. एकशेवीस माणसं जमिनीकडं झुकली. रूळ हलला, कुरकुरला, फिरू लागला.

"मामंजी," ती जमिनीकडं बघतच म्हणाली, "थिंगचू गेला."

"कुठं गेला?"

ती दोर ओढत राहिली. दोन पावलं. तीन पावलं. मग त्याला कळलं.

त्याचा दोर सैल झाला नाही. मागं तीस माणसं होती आणि त्यांच्या मागं रूळ होता. मुकादम ओरडत होता, सगळे त्याला साथ देत होते, आणि छांगशौचं तोंड त्या साथीबरोबर उघडत होतं, मिटत होतं. पण त्यातून आवाज येत नव्हता. असे ते दोघं शेजारी शेजारी चारशे पावलं चालत गेले. पट्टीच्या कडेला रूळ सपाटीवर येऊन आपोआप थांबला, तेव्हा त्यानं दोर खाली ठेवला आणि हातांची बोटं एकेक करून सोडवली.

"कधी?"

"सातव्या महिन्यात. जुलाबानं. एका देवळात होता."

"धुतलं कोणी?"

"पुजाऱ्यानं," मायस्वे म्हणाली. "पुजाऱ्यानं धुतलं. देवळामागं झाडाखाली पुरलं."

"कसलं झाड?"

"अक्रोडाचं."

म्हाताऱ्यानं मान हलवली. "चांगलं लाकूड," तो म्हणाला. मुकादमानं दोर फिरवायला सांगितलं. परत उलट्या दिशेनं ओढायचं होतं.

घरी गेल्यावर त्यानं दार लावलं आणि तिला समोर बसवलं. "हे बाहेर कुणाला कळता कामा नये."

"का? मी पांढरं नेसणार नाही? रडणार नाही?"

"कळलं की यिनचा मेहुणा आठ दिवसांत पालखी घेऊन येईल. पट्टीचं काम संपेपर्यंत आपण यिनच्या हाताखाली आहोत, पोरी. तो हजेरी मांडतो, तोच शिपाई पाठवतो. मी त्याला कुठवर अडवणार? काम संपू दे. मग मी तुला माहेरी पोचवतो. तिथं गेल्यावर सांग, रड, दुसरं घर बघायचं तर तुझ्या मनानं बघ. इथून कुणी ओढून नेलं असं नको." त्यानं दिवा मालवला. "तोवर तू सधवा आहेस."

मायस्वे रात्रभर दातांत चादर धरून होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच छांगशौ मुखियाच्या घरी गेला. यिन तोंड धूत होता. अंगणात पाच-सात माणसं हजेरीसाठी उभी होती.

"माझ्या घरचं थडगं उघडतो," म्हातारा म्हणाला. "शिपाई नकोत. मी आणि सून उघडू. एक दिवस सुट्टी दे."

यिननं टॉवेल खांद्यावर टाकला. "काय रे, काल तर आभाळ कोसळत होतं. खुंट्या जाळत होतास. तीन वर्षं, पोराचं डोकं टेकणं, सगळं कुठं गेलं?"

छांगशौ उभाच राहिला.

"बोल की. लोकांना ऐकू दे. शहाणा माणूस सरकारी कायदा पाळतो, म्हण."

"शहाणा माणूस सरकारी कायदा पाळतो," छांगशौ म्हणाला.

माणसं हसली. यिनही हसला आणि त्यानं एका दिवसाची सुट्टी दिली. शेनपाशी जाऊन यिननं काय सांगितलं कुणास ठाऊक, पण दुपारपर्यंत सगळ्या खोऱ्यात बोलणं झालं की थडगं उघडायला म्हाताऱ्याला गोणीभर तांदूळ मिळाला.

खडीच्या ढिगावर लू काकू मायस्वेकडं पाठ करून बसली. सगळा दिवस बोलली नाही. सुटताना तिनं पेटी उचलली आणि म्हणाली, "तुझ्या सासऱ्याच्या जिवावर आम्ही थांबलो होतो. आता माझ्या पोरांना कुठं घेऊन फिरू? एकाला तर दातही आले नव्हते. काय सापडणार आहे मला त्या मातीत?" आणि ती मायस्वेच्या पायाशी थुंकली. "तांदूळ मऊ शिजतो ना?"

मायस्वेच्या तोंडापर्यंत शब्द आले. पलीकडं यिनचा मेहुणा खेचरांच्या पाठीवरून चुन्याच्या गोण्या उतरवून घेत होता. ती काही न बोलता पेटी घेऊन निघून गेली.

बावीस तारखेला पहाटे ते उतारावर गेले. दवानं गवत पांढरं झालं होतं. छांगशौनं उदबत्ती लावली, बायकोला सांगितलं की आता हलायचं आहे, घाबरू नकोस, लांब नाही, वरच्या खडकाजवळच. मग त्यानं कुदळ घेतली. शवपेटीच्या फळ्या खालून कुजल्या होत्या, वरून शाबूत होत्या. वास आला तेव्हा त्यानं मायस्वेला मागं व्हायला सांगितलं. ती मागं झाली नाही. हाडं उचलायचा मान मुलाचा असतो. मुलगा नव्हता. तिनं बाह्या वर सारल्या, नाकाला फडकं बांधलं आणि खड्ड्यात उतरली.

"केस तसेच आहेत," ती खालून म्हणाली.

"तिचे केस चांगले होते," तो वरून म्हणाला.

जे सुटं झालं होतं ते तिनं हातानं उचललं, जे झालं नव्हतं ते चटईत गुंडाळलं. छांगशौनं नवी पेटी आणली होती, घराच्या दाराची फळी काढून केलेली. दारावर आता गोणपाट होतं. पेटी भरल्यावर मायस्वे वर आली, नाल्यात हात धुतले, आणि अंगातला कापूस भरलेला निळा डगला काढला. तो थिंगचूचा होता. दोन हिवाळे तीच वापरत होती. तिनं त्याची घडी घातली, बाह्या आत दुमडल्या आणि पेटीत, सासूच्या उजव्या बाजूला, ठेवला. वाऱ्यानं तिचे दात वाजू लागले.

म्हाताऱ्यानं वर झाकण धरलं आणि पहिला खिळा ठोकला.

लू काकू खालच्या बाजूला आपल्या थडग्यांपाशी कुदळ घेऊन आली होती. तिनं सगळं पाहिलं. मेलेल्या बाईच्या पेटीत पुरुषाचा डगला कोण कशासाठी घालतं, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. लांब मेलेल्याचं अंग मिळत नाही तेव्हा त्याचा कपडा पुरतात.  मग कुदळ टाकून वर आली. स्वतःच्या अंगावरची शाल काढून तिनं मायस्वेच्या खांद्यावर टाकली आणि पेटीला बांधलेल्या बांबूचं मागचं टोक उचललं.

"पुढं तू हो," ती मायस्वेला म्हणाली. "म्हाताऱ्याला मोकळं चालू दे. उदबत्ती धरायला कोणीतरी पाहिजे."

वाटेत शेन भेटला. त्यानं कानटोपी काढली. काहीतरी बोलायला म्हणून त्यानं विचारलं, "किती वर्षांच्या होत्या?"

"छप्पन्न," छांगशौ म्हणाला.

"माझ्या आईला पुरलं त्या गावात जपानी आहेत," शेन म्हणाला. "थडगं आहे की नाही, ठाऊक नाही."  तो बाजूला झाला.

दुपारनंतर लू काकूच्या खड्ड्यात तिघंही उतरले. नवऱ्याची हाडं मिळाली. पोरांचं काही मिळालं नाही. लू काकूनं दोन ओंजळी माती घेतली, दोन वेगवेगळ्या फडक्यांत बांधली, आणि कोणतं कुणाचं ते विसरू नये म्हणून एकाला दुहेरी गाठ मारली.

नव्या वर्षात काम चालूच राहिलं. तेवीस तारखेनंतर पाइन पडले, उतार कापला, थडग्यांच्या जागी मुठीएवढी, अंड्याएवढी, वालाएवढी खडी पडली आणि वरून रूळ फिरला. लू काकूनं कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. उलट कोणी तांदळाचं बोललं की ती म्हणायची, "मिळाला असेल तर मिळाला, तुझ्या ताटातला नाही ना?" एकदा यिनच्या मेहुण्यानं मायस्वेची वाट अडवली. लू काकू पाठीमागून आली आणि मोठ्यानं म्हणाली, "काल स्वप्नात थिंगचू आला होता बघ, हातात बंदूक घेऊन." तो बाजूला झाला.

दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर पहिलं मोठं विमान उतरलं. सगळं खोरं बघायला गेलं. जमीन हादरली, पोरं कानांवर हात ठेवून ओरडली, म्हाताऱ्यांनी हात जोडले. यिननं भाषण केलं. छांगशौ आणि मायस्वे गेले नाहीत. हजेरी त्याच सकाळी संपली होती. त्यांनी घर झाडलं, शेळी लू काकूच्या अंगणात बांधली आणि सगळ्यांची तोंडं पट्टीकडं होती तेव्हा मागच्या वाटेनं निघाले.

खिंडीपर्यंत तीन तासांची चढण. म्हाताऱ्याला आता दम लागायचा. दर वळणावर तो थांबायचा आणि मायस्वे पुढं जाऊन थांबायची. ओझं एवढंसंच होतं, तरी तेही त्यानंच घेतलं होतं. खिंडीत पोचल्यावर खाली आमचं खोरं दिसलं, आणि मधोमध ती पांढरी रेघ. पलीकडच्या बाजूला तिच्या माहेरची वाट.

दोघं दगडावर बसले. म्हाताऱ्यानं सदऱ्याच्या आतून घडी केलेलं पांढरं कापड काढलं. कोरं होतं. कुठून, कधी घेतलं, त्यानं सांगितलं नाही. त्यानं ते तिच्या डोक्याला बांधलं. बोटं राठ झालेली, गाठ बसेना, दोनदा बांधावी लागली.

"आमच्यात बापानं मुलासाठी पांढरं बांधायचं नसतं," तो म्हणाला. "मोठ्यानं रडायचंही नसतं. तू रड आता. इथं कोणी नाही. माझ्याही वाटणीचं रड."

आधी तिला आवाज फुटेना. दोन महिने दाबून ठेवलेला, तो कुठून काढावा तेच कळेना. मग ती वाकली, कपाळ जमिनीला लावलं आणि आमच्या बायका मेलेल्याला हाक मारून रडतात तशी रडू लागली. अहो, तुम्ही कुठं राहिलात. अहो, तुमच्या आईला मी उचललं. तुमचा डगला तिच्याजवळ ठेवला. हुंदक्यांत शब्द एकामागून एक येत गेले आणि तिला ते थांबवता आले नाहीत. अहो, तुम्हाला जिवंत सोडून गेले हो. तुम्ही पाणी मागत होता. वाटी भरलेली राहिली हो, तुमचा हात पोचला नाही.

ती एकदम गप्प झाली. मान वर करून तिनं पाहिलं.

छांगशौ दगडावर तसाच बसलेला होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. तो पलीकडच्या डोंगराकडं बघत होता.

"पुजारी नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता, मामंजी."

"अक्रोडही नव्हता."

"ठाऊक नाही. असेलही."

वारा होता.  मायस्वे त्याच्या पायाशी सरकली आणि तिनं त्याचं पाऊल धरलं. त्यानं ते सोडवून घेतलं नाही.

"वाटी कुणी भरून ठेवली होती?" त्यानं विचारलं.

"हौ म्हणून होता. त्यानंच मला सांगितलं. त्याला त्याच दिवशी विमानात घातलं."

"कुठला तो?"

"नदीखालच्या शांग्यू गावचा."

"घरी कोण आहे त्याच्या?"

"मी विचारलंच नाही," मायस्वे म्हणाली. "मला सुचलंच नाही."

म्हाताऱ्यानं ओझं उचलून तिच्या हातात दिलं. "ऊन आहे तोवर ओढा ओलांड. आईला माझा नमस्कार सांग." मग तो उठला, गुडघे चोळले, आणि ज्या वाटेनं आले होते ती सोडून डावीकडच्या, नदीकडं उतरणाऱ्या पायवाटेवर उभा राहिला.

"तिकडं कुठं, मामंजी? घर या बाजूला."

"दीड दिवसाची वाट आहे शांग्यूची," तो म्हणाला. "आई असेल कुणी त्याची. पोरगा चालत विमानात बसला, आम्ही डोळ्यांनी पाहिलं, एवढं तिला सांगून येतो."